आमचा अर्धा तास

खिडकीतून रासायनिक कंपन्यांचा तो उग्र दर्प आला की मला डोंबिवलीतली एक दुपार आठवते. मी वापरायचे ती प्रोग्रामिंगची भाषा जगभरातले लोक फुकट, हौसेने सांभाळतात. तिच्यात रात्री बाराची वेळ टाकली की तारीख एक दिवस मागे पडते, अशी तक्रार मी लिहिलेली. "आमच्याकडे बरोबर चालतंय," म्हणून त्यांनी ती दुसऱ्यांदा बंद केली. बाबांना ते सांगून मी धुमसत बसलेले. शेजारी बाबा वहीत वासाची वेळ आणि वाऱ्याची दिशा लिहीत होते. वास आला की ते प्रदूषण मंडळाकडे तक्रार करायचेच, दरवेळी. "त्यांच्याकडे वास येतो का?" त्यांनी विचारलं. "नाही." "मग त्यांना आपल्या खिडकीत आणून उभं कर." मी दोनशे ओळींचा प्रोग्राम छाटत छाटत चार ओळींवर आणला आणि वर लिहिलं, आधी घड्याळ भारताच्या वेळेला लावा, मग चालवा. भारताची वेळ ग्रीनिचच्या साडेपाच तास पुढे; त्यातला अर्धा तास त्या भाषेने धरलाच नव्हता. संध्याकाळी उत्तर आलं, "दिसलं." आता तक्रारी तपासणाऱ्यांत मीही आहे. माझ्याकडे सगळं बरोबर चालत असलं, तरी लिहिणाऱ्याच्या गावची वेळ लावून बघितल्याशिवाय मी एकही बंद करत नाही.