सृष्टीचं आवरेपर्यंत

मखमलाबादच्या साधनाची लेक सृष्टी दुसरीत गेली, तरी तिचा मोजा एका दमात पायात गेला असं कधी झालं नाही. शिवण बरोबर टाचेवर आली नाही की काढायचा, झटकायचा, पुन्हा घालायचा. मग बूट. मग बुटातला खडा, आणि तो आत आलाच कसा याचा सावकाश विचार. पोरगी आळशी नव्हती, हट्टी तर मुळीच नव्हती. घाई नावाची गोष्टच तिला ठाऊक नव्हती. डॉक्टरांनी तपासून सगळं ठणठणीत आहे म्हणून सांगितलं. सासूने, तानुबाईने, दृष्ट काढली. सृष्टीने शांतपणे दोन्ही करून घेतलं आणि पुन्हा मोजा हातात घेतला.

इकडे साधनाचा जीव टांगणीला. दारात काळूचा टेम्पो उभा, आत कोथिंबीर-मेथीच्या जुड्या आणि शेजारपाजारच्या बायका, आणि काळूचा हात हॉर्नवरून हलायचा नाही. वाटेत लेकीला शाळेत सोडायचं आणि गंगेवर, नदीकाठी, बाजार गाठायचा. तिथे आधी येईल त्याची जागा. उशीर झाला की साधना कडेला, भर उन्हात, आणि गिऱ्हाईक येण्याआधीच कोथिंबीर मान टाकायची. शाळेचं फाटक लागायचं ते वेगळंच. म्हणून ती एका हाताने घास भरवायची, दुसऱ्या हाताने वेणी घालायची आणि मनात चडफडायची. आज मी आहे; उद्या हिचं कोण आवरून देणार? या एका प्रश्नाने ती हैराण झाली होती.

"जाते बघ मी!" हा दम रोजचाच. टेम्पो म्हसोबाच्या वळणापर्यंत जायचा आणि तिथे थांबायचा. सृष्टी मागून निवांत चालत यायची. वाटेत मुंगळा आडवा आला तर आधी त्याला जाऊ द्यायची.

"अशानं नाय सुधारायची ती," टेम्पोतली सिंधुबाई म्हणाली. "एक डाव खरंच टाकून जा. दुसऱ्या दिवशी बघ कशी पळत येती."

पुढच्या बुधवारी, मोठ्या बाजाराच्या दिवशी, सृष्टी उंबऱ्यावर एका पायात मोजा घालून बसली होती. तानुबाई घरात होतीच. साधना टेम्पोत चढली आणि मागे न बघता म्हणाली, "काळूभाऊ, चला. वळणावर थांबू नका आज."

जागा मोक्याची मिळाली, मालही हातोहात गेला. पण तिचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. मेथी मागणाऱ्या बाईच्या पिशवीत तिने कोथिंबीर टाकली. पोर रडली असेल. रडू दे, तेवढं तरी कळेल, असं ती स्वतःला बजावत राहिली आणि ते तिला अजिबात पटत नव्हतं.

दुपारी टेम्पो वळणावर आला. म्हसोबापाशी सृष्टी उभी होती. पायांत बूट, नाड्या नीट बांधलेल्या, पाठीवर दप्तर. शेजारी तानुबाई तिच्या डोक्यावर पदर धरून उभी होती.

"सकाळधरनं हलंना बाई ही," तानुबाई रडकुंडीला येऊन म्हणाली. "भाकर दिली ती इथंच खाल्ली. म्हणती, आई इथंच थांबती."

साधना टेम्पोतून खाली उतरली. सृष्टी मात्र रडली नव्हती की रुसली नव्हती. तिने आईचा हात धरला आणि समजुतीच्या सुरात म्हणाली, "आई, आज माझं आवरलं होतं. तुलाच उशीर झाला."

मग ती तिच्या नेहमीच्या चालीने टेम्पोत चढू लागली. काळूने हॉर्न वाजवला नाही.