मागच्या सीटवरची सासू

मर्टल नाकामाराचे गुडघे गेले तेव्हापासून तिच्या आईचा पाणवठा तिला दुरावला. पाणवठा होता तिथंच होता, लाल वाळूच्या टेकाडांपलीकडे. पण तिथवर चालत जाणं संपलं होतं, आणि यार्लाकुर्रा या वाळवंटातल्या आदिवासी वस्तीतल्या चालू अवस्थेतल्या गाड्यांना नेहमी दुसरीकडेच जायचं असे. तिथल्या घोरपडी आता निर्धास्तपणे लठ्ठ होत असतील, असं ती रोज चहाच्या वेळी बोलून दाखवी.

म्हणून सरकारने वस्तीला एक वापरलेली बस देऊ केली आणि ती कोणी कशी वापरायची ते तुमचं तुम्हीच ठरवा असं कळवलं, तेव्हा समितीच्या बैठकीसाठी मर्टलने ठेवणीतला फुलाफुलांचा झगा काढला. निर्णयाचा अधिकार यार्लाकुर्राला याआधीही मिळाला होता. दवाखान्याच्या भिंतीला कोणता रंग द्यावा, असं एकदा मोठ्या आदबीने विचारलं होतं. रंग तोवर लावून वाळलाही होता. या वेळी मात्र बस खरोखर दारात उभी होती. तिला चाकंसुद्धा होती.

अडचण एकच होती. शनिवारी बस फुटबॉलच्या संघालाही हवी होती, आणि संघाचा कप्तान होता मर्टलचा जावई. त्याचं नाव क्लिफ्टन जांगाला. आपण ते घेऊ शकतो. मर्टल घेऊ शकत नव्हती. सासू-जावयाने एकमेकांचं नाव घ्यायचं नाही, एकमेकांकडे पाहायचं नाही, बोलायचं नाही, एका छपराखाली समोरासमोर बसायचं नाही, हा तिथला आदर. ही रीत आणखी काही मुलखांत रुजली असती, तर पुष्कळ घरांत शांतता नांदली असती.

बैठकीसाठी सरकारतर्फे शहरातून आलेल्या फिलिपाबाईंनी खुर्च्या गोलात मांडल्या होत्या. सगळे समान, सगळे समोरासमोर. मर्टल पुढच्या दाराने आत आली आणि क्लिफ्टन मागच्या. मर्टलने झटकन भिंतीकडे तोंड केलं. क्लिफ्टन खिडकीतून बाहेर गेला. खेळाडू असल्यामुळे त्याला ते जमलं.

"यांच्यात काही मतभेद आहेत का?" फिलिपाबाईंनी काळजीने विचारलं.

"मतभेद नाहीत, मुलगी दिलीय," समितीचा म्हातारा अध्यक्ष वॉल्टर म्हणाला.

निर्णय आजच व्हायला हवा होता, नाहीतर बस दुसऱ्या वस्तीला जाणार होती. तेव्हा वॉल्टरने बैठक बाहेर हलवली. बसच्या सावलीच्या बाजूला मर्टल, उन्हाच्या बाजूला क्लिफ्टन, आणि मध्ये ये-जा करायला त्याची बायको, म्हणजे मर्टलची लेक, वेरोना.

"सांग त्यांना," मर्टल म्हणाली, "म्हाताऱ्या बायकांना जरा रानात जायचं होतं. पण मॅच असेल तर बस त्यांचीच. आमचं काय, आम्ही बसू घरी."

वेरोना फेरी मारून आली. "तो म्हणतो, बस तुमचीच. संघ चालत जाईल."

"चालत? पोचेपर्यंत मोसम संपेल. सांग, आम्हाला रान नको. काय ठेवलंय रानात." हे बोलताना मर्टलची नजर लाल टेकाडांकडे गेली. पण आदर म्हणजे आदर.

वेरोना पुन्हा आली. ती हसू दाबत होती. "तो म्हणतो, फुटबॉल त्याला लहानपणापासून आवडतच नाही."

पलीकडून साऱ्या संघाने हंबरडा फोडला. अलीकडे बायका हसून हसून वाळूत लोळायला लागल्या.

"म्हणजे बस कोणालाच नको," फिलिपाबाई म्हणाल्या आणि किल्ली पर्समध्ये टाकायला लागल्या.

मर्टलचं हसू मावळलं. तिने आजूबाजूला पाहिलं आणि बसखाली झोपलेल्या कुत्र्याला हाक मारली.

"सार्जंट," ती मोठ्याने म्हणाली, "मला माझ्या आईच्या पाण्यावर जायचंय. मरायच्या आधी. मॅचच्या वाटेवरून थोडंसंच वळण पडतं. तुला म्हणून सांगते."

सार्जंटने एक डोळा उघडला. कुत्र्याशी बोलायला कुठल्याच रीतीची आडकाठी नव्हती. मग पलीकडून क्लिफ्टनचा आवाज आला. तो पुढच्या टायरशी बोलत होता.

"टायरभाऊ, शनिवारी लवकर निघू. आधी पाणवठा, मग मॅच, परतताना पुन्हा पाणवठा. फक्त एक पंचाईत आहे. बस चालवायचं लायसन्स वस्तीत माझ्या एकट्याकडे आहे."

"ड्रायव्हरच्या मागे ब्लँकेट टांगा," वेरोना वैतागून म्हणाली. "आई मागच्या सीटवर बसेल. आणि आता मी कोणाचाही निरोप नेणार नाही."

वॉल्टरने हात वर केला, मग सगळ्यांनी केले. ठराव संमत झाला. फिलिपाबाईंनी तो लिहून घेतला. टायरच्या मताची नोंद कुठे करावी, यावर मात्र त्या थोड्या अडखळल्या.

शनिवारी ब्लँकेट टांगलं, तेव्हा आतला आरसा उरला. त्यात मागची सीट लख्ख दिसत होती. संघातल्या एका खेळाडूने आपला मोजा काढून त्यावर चढवला. मोजा धुतलेला नव्हता, पण आदराच्या बाबतीत तेवढं चालून गेलं. पुढे संघ, मागे म्हाताऱ्या. म्हाताऱ्यांनी गाणं लावून धरलं आणि दुसऱ्या टेकाडापर्यंत संघही त्यात ओढला गेला.

पाणवठ्याशी बस थांबली. क्लिफ्टन समोरच्या आभाळाचं बारकाईने निरीक्षण करत राहिला आणि मर्टल मागच्या दाराने, दोघी म्हाताऱ्यांच्या खांद्यांवर हात टाकून, उतरली. बस धूळ उडवत मॅचला गेली. मर्टल काठाशी बसली, ओंजळभर पाणी तोंडात घेतलं आणि परत पाण्यावर फवारलं, म्हणजे पाण्याला माणूस ओळखता येतो. मग तिथं राहणाऱ्या आईच्या जुन्या माणसांना, म्हणजे पूर्वजांच्या आत्म्यांना, तिने खणखणीत आवाजात सांगितलं.

"मी आलेय. उशीर झाला. बैठक होती."