खांबावरून न उतरलेली सुगंधाकाकी

माझी चुलती सुगंधा कुणाला घाबरली असं मी कधी पाहिलं नाही, आणि त्याचा आमच्या घराला त्रासच फार झाला. सन बासष्टला मालवणजवळच्या एका खाडीवर पूल होत होता, तिथे ती घमेली उचलायची. काका गेल्यापासून चूल त्याच कामावर पेटत होती. निदान मुकादमाशी तरी तिने गोड राहावं, असं आम्हाला वाटे.

पुलाचे गर्डर खांबांवर नुसते टेकवलेले नव्हते. खांबाच्या माथ्यावर एक लोखंडी प्लेट, गर्डरच्या पोटाला दुसरी, मध्ये वंगण. उन्हाने गर्डर वाढला की वरची प्लेट खालचीवर सरकायची. मुकादम गणपतला मात्र प्लेटांच्या कडेने दिसणारी फट डोळ्यांत खुपे. साहेब पाहणीला येणार म्हणून त्याने आदल्या दिवशी एका खांबावर फटीत सिमेंटचा माल ठासला, आणि सकाळी येताच दुसऱ्यावर ठासायला काकीला सांगितलं.

काकीने खांबाच्या माथ्यावरच घमेलं खाली ठेवलं. तिचा जन्म होड्या ओढण्यात गेलेला. होडी किनाऱ्यावर घेताना खालचे ओंडके आधी झाडतात, मग त्यांना मोरी म्हणजे शार्क माशाचं तेल चोपडतात. रेती राहिली तर होडी अडते आणि ओढणाऱ्याची कंबर जाते. इथे गर्डर अडला तर खांबाचं डोकं फुटेल, असं तिने सांगितलं. अक्कल पाजळू नकोस, म्हणत गणपतने तिला कामावरून काढलं.

"काढलात, बरा झाला," काकी म्हणाली. "पण साहेब येयसर मी हयसून उतरूचंय नाय."

तिने दोन्ही खांबांवर गर्डरवरून खाली माथ्यापर्यंत कोळशाने एकेक सरळ रेघ मारली आणि पदर डोक्यावर घेऊन साहेब येईपर्यंत तिथेच उन्हात बसून राहिली. मजूर खालून हसत होते. तिची भाकर घेऊन आलेल्या मला तिची लाज वाटली, खोटं कशाला सांगू.

चार वाजता साहेब वर चढले. गणपत पुढे होऊन बोलू लागला, तर काकीने नुसतं बोट दाखवलं. मोकळ्या खांबावर रेघ तुटून वरचा भाग तांदळाच्या दाण्याएवढा सरकला होता. ठासलेल्या खांबावर रेघ जशीच्या तशी होती, पण माथ्याच्या काँक्रीटला बारीक चीर गेली होती.

साहेबांनी तिला कामावर परत यायला सांगितलं. येईन, ती म्हणाली, पण ज्याने माल ठासला त्यानेच तो आत्ता माझ्यासमोर काढायचा. साहेबांनी गणपतच्या हातात छिन्नी दिली.

गणपत गुडघ्यांवर बसून खरवडत राहिला. आता खाली कुणी हसत नव्हतं. अखेर घाम पुसत तो उठला, तेव्हा काकीने फटीतून बोट फिरवलं.

"ह्या कोपऱ्यात अजून रेती आसा, मुकादमानू. परत वाका."