ओढा ओलांडताना पुढे कोण

सुलभाबाईंशी माझी पहिली ओळख माझ्या चुकलेल्या उत्तरातून झाली. जुन्नरला अकरावीत नुकताच दाखल झालो होतो. पाच जणांतून तिघांची समिती किती प्रकारे निवडता येईल, असं बाईंनी विचारलं. मी ऐटीत उठून साठ म्हणालो. बाई रागावल्या नाहीत. "त्या साठांतल्या दोन समित्या फळ्यावर लिही," एवढंच म्हणाल्या. मी लिहिल्या. दोन्हींत तीच तीन नावं, नुसती खालीवर.

मागच्या बाकावरून मंगल बोलली. तिच्या घरी मेंढरं होती. "बाई, साठ कसं व्हतील? पाचातली तीन मेंढरं बाजाराला काढली, तर आधी काळं धरलं काय न् पांढरं धरलं काय, जाणार तीच तीन. ओढा वलांडायचा आसंल तर मातर पुढं कोण हे लई बघावं लागतं. भित्रं पुढं घातलं तर समदी काठावरच ऱ्हात्यात."

वर्ग हसला. बाईंनी मात्र तिचं बोलणं फळ्यावर जसंच्या तसं उतरवलं आणि म्हणाल्या, "क्रम बदलल्यावर गोष्ट बदलते का, हे आधी विचारा. बदलली तर पर्म्युटेशन, नाही बदलली तर कॉम्बिनेशन. सूत्र त्यानंतर." समित्या दहाच निघाल्या. बाईंची सगळी शिकवण मला त्या एका प्रश्नात दिसते.

दिवाळीनंतर मंगलच्या घरचे कळप घेऊन कोकणाकडे निघाले आणि ती वर्गात येईनाशी झाली. बाई रविवारी एसटीने घाटाजवळच्या मढ गावापर्यंत गेल्या, विचारत विचारत त्यांचा मुक्काम गाठला. वडील म्हणाले, "शिकून बी मेंढरंच राखणार न्हवं बाई?" बाई म्हणाल्या, "राखू द्या की. परीक्षा देऊन राखू द्या." मग मंगल बाईंच्या घरी राहून बारावी झाली. आज ती बोरी बुद्रुकला शेती करते, थोडी मेंढरंही आहेत.

आता जे लिहायचं आहे, त्यासाठी चार वेळा कागद फाडला. मी मंचरला गणित शिकवू लागलो आणि ओढ्याचं उदाहरण माझं म्हणून सांगू लागलो. आधी वर्गात, मग शिक्षकांच्या प्रशिक्षणांत. टाळ्या मिळत गेल्या. एका पुस्तिकेत ते माझ्या नावाने छापूनही आलं. अशाच एका प्रशिक्षणाला बाई पहिल्या रांगेत बसल्या होत्या. नंतर जवळ बोलावून म्हणाल्या, "छान सांगितलंस. मंगल भेटते का रे कधी?" मी नाही म्हणालो आणि चहाच्या टेबलाकडे सटकलो. तो प्रश्न तेव्हापासून मला धड झोपू देत नाही.

बाईंच्या पंचाहत्तरीच्या या गौरवग्रंथाचं संपादन माझ्याकडे आलं. वीस लेख निवडायला एक संध्याकाळ पुरली. ते कोणत्या क्रमाने लावायचे यावर आम्ही बाईंचे विद्यार्थी तीन आठवडे भांडलो. अशात मंगलचा दीड पानाचा मजकूर आला. त्यात एक वाक्य होतं: ओढ्याचं मी बोलले होते, बाईंना आठवत असेल. तक्रार कुठेच नव्हती. संपादन समितीतले एक जण म्हणाले, "पानं लई झालीत राव, ह्यो कागद ऱ्हाऊ द्या." माझ्या एका होकाराने माझी अब्रू झाकली जाणार होती. दोन दिवस मी काहीच बोललो नाही. त्या दोन दिवसांची मला फार लाज वाटते.

बाई, त्या वर्गात मंगल होती आणि मी होतो. कुणाचंही नाव आधी घ्या, वर्ग तोच राहतो. पण ते उदाहरण तिनं सांगितलं आणि मी नंतर उचललं. इथे क्रम बदलला तर गोष्ट बदलते. म्हणून या ग्रंथात पहिला लेख तिचा आहे आणि शेवटचा हा माझा. परवा बोरीला जाऊन तिला हे वाचून दाखवलं. ती म्हणाली, "लई वर्सं लागली भाऊ तुला."

बाई, तुम्हाला उदंड, निरोगी आयुष्य लाभो. गुडघे कुरकुरले तरी फिरणं थांबू नये, आणि आमच्या चुका फळ्यावर लिहायला लावण्याइतका दम तुमच्या आवाजात कायम राहो. समारंभाला आम्ही दोघं येऊ. दारातून पुढे मंगल असेल.