कोरसची जागा

आमचा अल्बम येणार नाही.

एकदा लिहूनच टाकते, म्हणजे दिवाळीच्या कार्यक्रमात आणि सुपरमार्केटच्या रांगेत "कुठवर आलं?" असं विचारणं बंद होईल.

अविनाशला जाऊन आज वर्ष झालं.

माहीत नसलेल्यांसाठी सांगते. आमचा बँड म्हणजे तीन माणसं. बेस्ट नावाच्या इथल्या डच गावातला अविनाश, गाणी लिहायचा आणि ढोलकी वाजवायचा. रॉटरडॅमचा मंदार, गिटार आणि लॅपटॉपवरचं सगळं मिक्सिंग. आणि रायस्वाइकची मी, हार्मोनियम आणि कटकट.

गणपतीत दोन गाणी वाजवून जेवणाच्या रांगेत उभे राहणारे कलाकार आम्ही.

मग लॉकडाउन लागला आणि अविनाशच्या डोक्यात अल्बम शिरला. विषय काय, तर त्याचं गाव.

मराठवाड्यातलं, उघड्या माळावरचं.
डॉक्टर नसलेला जनावरांचा दवाखाना. बंद पडलेली जिनिंग मिल. एसटी स्टँड, जिथे गाडी थांबते ती ड्रायव्हरला चहा प्यायचा असतो म्हणून.
एकेकावर एकेक गाणं.

मंदार पक्का पुण्याचा. म्हणाला, अरे तिथे काही घडतच नाही, कोण ऐकणार?

"पुण्यात घडतं ना, मग पुण्यावर तू कर," अविनाश म्हणाला.

रेकॉर्डिंग ज्याच्या त्याच्या घरी. कानात क्लिकचा ठेका लावायचा, आपापला भाग फोनवर वाजवायचा आणि मंदारला पाठवायचा. बाहेर नवऱ्याच्या मीटिंग चालू, म्हणून मी कपड्यांच्या कपाटात तोंड घालून गायचे.

शेवटचं गाणं काकांचं. म्हणजे अविनाशच्या वडिलांचं.

काका गावातल्या गायन पार्टीचे मुख्य गायक. दर जयंतीला आसपासच्या सगळ्या गावांतून गायले, पण त्यांचं एकही गाणं कुठे रेकॉर्ड झालेलं नाही. हे अविनाशनं सांगितलं तेव्हा कळलं, अल्बम यासाठीच होता. बाकीची गाणी निमित्त होती.

काकांनी फोनवर गाऊन पाठवलं. आवाज पिकलेला, सूर पक्का. फक्त प्रत्येक ओळीनंतर शांतता. लांबलचक.

मंदारला वाटलं, नेटवर्क गेलं असेल, किंवा काका पुढची ओळ आठवत असतील. त्यानं सगळ्या शांतता कापल्या, ओळीला ओळ जोडली आणि ग्रुपवर टाकलं. काकांना एकदम टाइट केलंय म्हणाला. मीही लगेच अंगठा दिला.

अविनाशनं आम्हा दोघांना एकत्र फोन लावला. चिडला नव्हता, त्याचंच जास्त वाईट वाटलं.

"बाबा अडकले नाहीत रे. एक ओळ म्हटली की ते थांबतात. ती ओळ कोरसनं परत म्हणायची असते, मग ते पुढची घेतात. ती जागा आपली आहे."

मंदारनं मुकाट्यानं सगळं होतं तसं परत लावलं. मग म्हणाला, आपण आपापल्या घरी कोरस म्हणू, मी एकावर एक चढवतो.

अविनाश नाही म्हणाला. कोरस एका खोलीत, एका दमात, गाणाऱ्याच्या तोंडाकडे बघत म्हणतात. नियम सैल झाले की माझ्याकडे जमू, बाबांना व्हिडिओवर घेऊ.

तेव्हा घरी एकच पाहुणा चालायचा. आम्ही थांबलो.

शहाण्यासारखे थांबलो. आता त्या शहाणपणाचा राग येतो.

हिवाळ्यात तो आजारी पडला. हाउसआर्ट्सनी, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरनी, पॅरासिटामॉल घ्यायला सांगितलं. इथल्या डॉक्टरांना दुसरं औषध माहीत नाही, हा आपला सगळ्यांचा जोक त्यानंही केला.

मग हॉस्पिटल.

तिथून ग्रुपवर एकच मेसेज आला. बाबांच्या गाण्याला थांबा, मी येतोच आहे.

आला नाही. चाळीसचासुद्धा नव्हता.

अंत्यसंस्काराला मोजकी माणसं, तीही अंतर ठेवून. काकांना व्हिसा मिळणं शक्य नव्हतं, ते गावात फोन धरून बसले होते. अविनाशची बायको सुजाता समोर उभी होती आणि मी तिला जवळ घेतलं नाही. नियम होता म्हणून हात कोटाच्या खिशात ठेवले.

असले नियम पाळून आपण नक्की कुणाला वाचवलं, मला सांगा कुणीतरी.

आज सकाळी सुजाताकडे जमलो. मंदार, मी, सुजाता, तिची मुलगी. एका खोलीत. आता चालतं.

काका व्हिडिओवर होते. वंदना झाली. मग ते म्हणाले, माझं ते गाणं लावा.

मंदारनं लावलं. काकांची पहिली ओळ आली आणि संपली.

काका स्क्रीनमधून आमच्या तोंडाकडे बघत होते.

मंदारनं तोंड उघडलं, पण आवाज फुटला नाही. मी खाली बघत बसले. अविनाशच्या लेकीला मराठी सगळं कळतं, बोलते मात्र डचमध्ये. तिनं आईचा हात घट्ट धरला.

रेकॉर्डिंगमधले काका थांबायचं तेवढं थांबले आणि त्यांनी पुढची ओळ घेतली.

काका म्हणाले, बंद करा.

मी म्हटलं, काका, तुमच्या पार्टीतल्या कुणाकडून कोरस म्हणवून घेऊ या का? आम्ही इथे जोडून घेऊ.

"माझ्यामागं म्हणणारं गावात आता कुणी ऱ्हायलं नाही, ताई. अविनाश म्हणला होता, तिकडं हायत माणसं."

सुजातानं फोन हातात घेतला आणि काकांना जेवलात का विचारलं.

अविनाश, तू काकांना आमच्या भरवशावर सांगून ठेवलं होतंस. आम्हाला एक ओळ म्हणता आली नाही रे.

अखेरचा जयभीम, मित्रा.