पाणी चाखणारा

काहीही बोलण्यापूर्वी तो करंगळी पाण्यात बुडवून जिभेला लावायचा. बर्डीच्या फुटपाथवर काचेच्या बरण्यांत शोभेचे मासे विकणारा हा गृहस्थ मला पहिल्या दिवसापासून संशयास्पद वाटला. ज्याचा माल चोख आहे, त्याने गिऱ्हाइकासमोर पाणी का चाखावे?

"बाप सूत रंगवायचा जी," तो सांगे. "पाणी चाखल्याबिगर रंग कालवत नव्हता."

माझ्या बैठकीतल्या काचेच्या टाकीत पाणवनस्पती दाट माजल्या होत्या आणि पाच जुने मासे तीन वर्षे सुखाने नांदत होते. त्याच्याकडून आणलेला प्रत्येक नवा मासा मात्र दुसऱ्या दिवशी पोट वर करून तरंगे. तीनदा असे घडले. आपणही माझ्यासारखाच निष्कर्ष काढला असता: पाणी तेच, खाणे तेच, जुने जिवंत, अर्थात दोष नव्या मालाचा. मी त्याला रजिस्टर्ड पत्र धाडले. मेलेले मासे मिठाच्या पाण्यात बाटलीबंद करून पुरावा म्हणून जपले.

पुढच्या खेपेस तो म्हणाला, "पत्र मोठं जोरदार लिहिलं जी तुम्ही. पोरीनं दोनदा वाचून दाखवलं. पण मासा काहून मेला, ते त्याच्यात नाही ना."

"ते तुम्ही सांगायचे!" मी गरजलो.

"मग तुमचं पाणी पाहू द्या."

आरोपीला घटनास्थळी प्रवेश देणे मला मान्य नव्हते. फुटपाथवरच्या जागांचे परवाने देणाऱ्या कार्यालयाकडे मी सरळ तक्रार केली: हा इसम रोगट मासे विकतो, सबब त्याची जागा रद्द करावी.

मे महिन्यातल्या एका रविवारी सकाळी तो दारात उभा राहिला. एका हातात नोटीस, दुसऱ्या हातात पिवळा मासा असलेली बरणी.

"माझी जागा जाऊन राहिली साहेब. एक डाव पाहू द्या."

करंगळी टाकीत, मग जिभेवर. त्याने तोंड वाकडे केले. "पाणी कधी बदललं?"

"बदलायचे कशाला? आटते तेवढे विहिरीचे भरतो."

त्याने खिडकीतल्या कूलरकडे बोट दाखवले. त्याच्या वाळ्याच्या ताट्यांवर पांढरी पुटे चढली होती. "तिथंही तसंच भरता ना जी? पाणी उडते, खार राहते. तुमच्या जुन्या माशांले हळूहळू सवय झाली. नवा एकदम पडते अन् मरते."

मग दुपारपर्यंत तो टाकीशी बसून राहिला. खिशातून काढलेल्या जर्मनच्या, म्हणजे ॲल्युमिनियमच्या, पेल्याने टाकीतले पाणी बरणीत घोटाघोटाने घाली, थांबे, माशाकडे पाही. मी त्याच्या हातांकडे पाहत होतो. न जाणो, एखादी पूड टाकायचा. शेवटी मासा टाकीत सोडून त्याने विचारले, "तक्रार मागं घेतो म्हणून आज लिहून द्याल का जी?"

"मासा तीन दिवस जगला तर."

"मासा जगते जी," एवढेच म्हणून तो गेला. पेला विसरला.

मासा जगला. चौथ्या दिवशी तक्रार मागे घेतल्याचे पत्र दोन प्रतींत घेऊन मी बर्डीवर गेलो. त्याच्या जागेवर काचेचा चुरा होता.

"काल उचलून नेलं सारं," शेजारचा चपलावाला म्हणाला. "कोण्या साहेबानं कागद लिहिला होता म्हणे."

आयुष्यभर मी पत्रे लिहिली; बहुतेकांची साधी पोचही आली नाही. त्या एका पत्रावर मात्र तत्परतेने कारवाई झाली. मागे घेतल्याचे पत्र अद्याप विचाराधीन आहे.

इतवारीत, कळमन्यात, सगळीकडे मी त्याला शोधले. पिवळा मासा पुढे दोन उन्हाळे जगला. पेला अजून टाकीशेजारी असतो. पाणी बदलण्यापूर्वी मी करंगळी बुडवून जिभेला लावतो. मला त्यातले काहीही कळत नाही.