आशाची सुमनमावशी

सुमनवर मी आयुष्यभर जळले. आज सकाळी ती गेली, तरी ते थांबलेलं नाही.

नव्वदच्या दशकात आम्ही दोघी मैत्रिणी खोडाळ्याहून वसईला गारमेंट कंपनीत लागलो. एक्स्पोर्टचे शर्ट. मी कॉलर लावायचे, ती बाह्या.

थोड्याच वर्षांत तिने काम सोडलं.
"कटिंग टेबलाखाली एवढं नवंकोरं कापड पडतं गं. जाळून टाकतात. मी गावाला नेते."
सुपरवायझर हसला. मीही हसले.

तिने कातरणाची पोती एसटीच्या टपावर चढवली आणि खोडाळ्याच्या बाजारात मशीन मांडलं.
तुकडे जोडून पोरांचे कपडे, गोधड्या.
सूर्यमाळच्या पाड्यांवरच्या बायका तिच्याकडे शिवण शिकायला यायला लागल्या.

माझी मुलगी आशा तेव्हा माझ्या आईजवळ खोडाळ्यातच वाढत होती. शाळा सुटली की सुमनकडे.

एका दिवाळीला मी वसईहून तिच्यासाठी रेडीमेड फ्रॉक आणला. गुलाबी, नेटचा.
पोरीच्या अंगात सुमनने शिवलेला, तुकड्यातुकड्यांचा.
"तो काढ, हा घाल."
"नको. हा मावशीने माझ्यासमोर शिवलाय. बटणं मी लावलीत."
मी गुलाबी फ्रॉक परत पिशवीत घातला.

पुढे ऑर्डरी बांगलादेशात गेल्या, आमची कंपनी बंद पडली. मी गावी आले.
कुणाकडेही काम मागितलं असतं, सुमनकडे नाही.
तीच दारात आली.
"शाळेचे युनिफॉर्म आलेत. कॉलर मला तुझ्यासारखी जमत नाही. येतेस का?"
खरं बोलली की माझं मन राखलं, अजून कळलेलं नाही. त्याचाही राग येतो.

गेले. तिच्या शेजारीच मशीन.
आशा कापड घेऊन यायची, "मावशी, बघ ना, शिलाई सरळ आली का?"
मी हाताच्या अंतरावर बसलेली.

काल जव्हारच्या दवाखान्यात तिला धाप लागली होती. मी पहिल्यांदा तोंडावर बोलले.
"माझी पोर घेतलीस तू."
तिने मान हलवली.
"घेतली. मला दुसरं कोण होतं?"

मी तिचे पाय चेपत बसले.

आज आशाने तिला साडी नेसवली. निऱ्या मी धरल्या. पोर सकाळपासून जेवलेली नाही. माझ्यासाठी एवढी रडेल का, माहीत नाही.

सुमन, नीट जा.
आशा आता माझ्याकडे आहे.